वरात, संथ चालीत

"पहिल्या ठोक्याला गप्प बसायचं?" भूपाल मास्तरांनी ट्रंपेट तोंडापासून काढून विचारलं.

"हो," सुकुमार म्हणाला.

"आणि दुसऱ्याला?"

"दुसऱ्याला गिटार. तुम्ही गप्पच."

"मग मी वाजवू कवा?"

"दोन ठोक्यांच्या मधे जी फट असते ना मास्तर, तिच्यात."

मास्तरांनी खोलीच्या भिंतींवरून नजर फिरवली, जणू ती फट तिथंच कुठंतरी सापडेल. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले होते. फटी पुष्कळ होत्या.

"सुकुमार, बाळा, पहिल्या ठोक्याला माणसाचं पाऊल पडतंय. त्योच काढून घेतलास तर नवरदेव चालणार कसा?"

"यात नवरदेव नाही, मास्तर."

"न्हाई? मग आपण वाजवतोय कशापायी?"

सुकुमार आपल्या गिटारच्या खुंट्या पिळायला लागला. मला वाटतं, ज्या जमैका बेटावरून हे संगीत आलं तिथल्या लोकांकडंही याचं उत्तर नसावं.

मास्तरांचे थोरले बंधू अण्णाप्पा मोठा ढोल पोटाशी धरून बसले होते. त्यांनी मात्र शंका एकच विचारली.

"मी?"

"अण्णा, तुम्ही फक्त तिसऱ्या ठोक्याला. एक, दोन आराम. तिसऱ्याला धम्म. चौथ्याला पुन्हा आराम."

"हे झ्याक हाय," अण्णाप्पा म्हणाले, आणि पहिल्या फटक्यात बरोबर वाजवून दाखवलं. तीस वर्षं वरातीत प्रत्येक ठोका वाजवलेला माणूस. न वाजवण्याची कला त्यांना उपजतच असावी.

मी कोपऱ्यात खुर्चीवर बसलो होतो आणि माझ्या हातात गाण्यांच्या यादीचा कागद होता. तो सुकुमारनं पाच मिनिटांपूर्वी दिला होता. आठ गाणी. सहाव्या गाण्याचं नाव वाचल्यापासून मी त्या कागदाची घडी घालत होतो आणि उलगडत होतो, चारही ठोक्यांना.

हे इचलकरंजीत घडलं, दोन हजार चार साली. मी तेव्हा एका हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि एका साप्ताहिकात टोपणनावानं खवचट मजकूर लिहायचो. सुकुमार मगदूम माझा जुना विद्यार्थी. वडिलांचे यंत्रमाग होते. गल्लोगल्ली मागांचा खडखडाट असलेल्या आमच्या गावात माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात, तेव्हा पंक म्हणून जे संगीत असतं ते सुकुमारला परकं वाटलं नाही. त्यानं 'खटका' नावाचा बँड काढला. पंक म्हणजे काय, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, तीन सूर, एक राग आणि दोन मिनिटं. राग त्याच्याकडं होता, शब्द नव्हते. ते दहा वर्षं मी पुरवले.

लेखकाला पंकइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. सुकुमार ज्या वेगानं किंचाळायचा त्यात ब्रह्मदेवालाही एक अक्षर कळलं नसतं. मी मुख्याध्यापकांवर लिहिलं, नगरसेवकांवर लिहिलं, साप्ताहिकाच्या संपादकांवर लिहिलं, सासुरवाडीवर तर तीन गाणी लिहिली. मुख्याध्यापक स्वतः एका कार्यक्रमाला आले होते. त्यांच्यावरचं गाणं संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला हळूच विचारलं, "देशभक्तिपर होतं का हो?"

आणि आता सुकुमारनं बँड मोडला होता. तो एकट्याचा अल्बम काढणार होता, आणि त्यात सगळी गाणी स्का आणि रेगे, म्हणजे त्या जमैकाच्या चालींतली. बरोबरची पोरं चिडली. म्हणाली, आता हा डुलत डुलत गाणार. कुणीतरी त्याच्या मोटारसायकलवर चुन्यानं 'फितूर' लिहिलं. मी त्याला कारण विचारलं तर म्हणाला, "आईनं परवा विचारलं सर, दहा वर्षं तू नक्की म्हणतोस तरी काय? मला वाटलं, ऐकू द्यावं आता लोकांना." अल्बमचं नावही त्यानं ठेवलं होतं, 'हळू'.

त्याला ट्रंपेट हवं होतं. मी मोठ्या उत्साहानं 'चंद्रोदय ब्रास बँड'च्या भूपाल मास्तरांचं नाव सुचवलं. मास्तर आमच्या शाळेच्या पोरांना संचलनाचं वाजवायला शिकवायचे. माझ्याबरोबर चहा प्यायचे. जिवाभावाचा माणूस. तेव्हा मला गाण्यांची यादी ठाऊक नव्हती.

सहावं गाणं होतं, 'वाजव, मास्तर'.

ते मास्तरांवरच होतं.

अकरा वर्षांपूर्वी मास्तरांची मुलगी शैला घरातून निघून गेली होती. माझ्याच वर्गातली मुलगी, अक्षर चांगलं. ज्याच्याबरोबर गेली तो जातीतला नव्हता. मास्तर त्या वेळी वरात वाजवत होते आणि ती बसस्टँडवरून, बापाच्या नाकासमोरून गेली. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण मास्तरांसमोर कुणी बोलत नसे. एका दुपारी शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी आपण होऊन मला सांगितलं. "मी वाजवण्यात गुंग व्हतो गुर्जी, मला कळलंच न्हाई," म्हणाले, आणि टोपीनं डोळे पुसले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. घरी गेलो. जेवलो. आणि मला त्यातली गंमत दिसली. त्यावर मी काय करणार? मला ती दिसते. संध्याकाळपर्यंत गाणं तयार होतं.

'खटका'च्या काळात ते गाणं सव्वा मिनिटात उडून जायचं. आता सुकुमार ते साडेचार मिनिटं गाणार होता. सुकुमार गावाच्या दुसऱ्या टोकाचा, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि मास्तरांना गेले दोन आठवडे त्यानं नुसती चाल गुणगुणून शिकवली होती, ठोक्यांशिवाय. शब्द आज पहिल्यांदा येणार होते, कारण गाणं आणि वाद्यं एकदम एका खोलीत ध्वनिमुद्रित करायचं त्यानं ठरवलं होतं.

दिवस बदलायचा म्हटलं तरी बदलता आला नसता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या दिलावरचा तो स्टुडिओ एका मागाच्या कारखान्याच्या माडीवर होता. आठवड्यातून एक दिवस, मागांच्या सुट्टीला, तेवढं तिथं शांत असायचं. एरवी दिलावरनं केलेल्या प्रत्येक भजनाच्या कॅसेटमागं माग चालू असायचा. लोकांना ते टाळच वाटायचे.

तीन गाणी झाल्यावर मी सुकुमारला जिन्यात गाठलं.

"सहावं गाणं बदलू या."

"का? ते सगळ्यात भारी आहे."

"शब्द जुने झालेत. मी नवीन लिहून देतो. पाण्याच्या प्रश्नावर."

"सर, रेगेत पाण्याचा प्रश्न?"

"बेटच आहे ना ते."

सुकुमारनं माझ्याकडं पाहिलं. शाळेत गृहपाठ घरी राहिला म्हणून सांगणाऱ्या पोराकडं मी जसं पाहायचो, तसं. "सर, काय झालंय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. व्हरांड्याचंसुद्धा. तो पायरीवर बसला.

"म्हणजे हे खरं घडलंय?"

"गाण्यात नाव नाहीये."

"नाव नाही!" तो म्हणाला. "माणूस आत बसलाय, सर. मी दहा वर्षं त्याच्या पोरीवर नाचलो. पब्लिकला नाचवलं. आणि तुम्ही त्यांच्याबरोबर चहा पीत होता?"

"चहा वेगळा, लेखन वेगळं," मी म्हणालो. हे वाक्य मनात नेहमी बरं वाटायचं. जिन्यात वाटलं नाही.

"मग काढून टाक ते गाणं," मी म्हणालो.

"नाही काढणार. तुम्ही आधी त्यांना सांगा. ते म्हणाले नको, तर नको. ते म्हणाले गा, तर गाईन. पण त्यांच्याकडून फसवून वाजवून घेणार नाही मी. तुम्ही सांगताय ना?"

"सांगतो."

"आत्ता?"

"आत्ताच."

मी मास्तरांकडं गेलो. ते खिडकीत बसून ट्रंपेटमधलं पाणी झटकत होते.

"मास्तर, एक बोलायचं होतं."

"बोला की गुर्जी."

"ते सहावं गाणं आहे ना."

"व्हय. लई ग्वाड चाल हाय ती. सगळ्यात मला तीच आवडली. कुणाचं गाणं म्हणायचं ते?"

"माझं," मी म्हणालो.

"आयला! तुमचं?" मास्तरांचा चेहरा असा फुलला की मी जन्मात कुणाचा फुलवला नव्हता. "आरं अण्णाप्पा, ऐकलंस का? गुर्जींचं हाय ते सहावं! मग तर जीव ओतून वाजवतो बगा."

अण्णाप्पांनी मान डोलावली. दिलावर चहा घेऊन आला. मी चहा घेतला. चहात साखर जास्त झालीय असं म्हणालो. दारातून सुकुमारनं भुवया उंचावून विचारलं, आणि मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली, ते मी त्याच्यावर सोपवलं. त्यानं ती होकारार्थी धरली.

माणूस जन्मभर ढोंगी लोकांवर लिहितो तेव्हा त्याचा अभ्यास फार दूर जाऊन केलेला नसतो.

पाचवं गाणं संपलं. सुकुमार माइकसमोर उभा राहिला. मास्तरांकडं बघून त्यानं हात जोडले, फार गंभीरपणे. मास्तरांना वाटलं, ही जमैकाची पद्धत असेल. त्यांनीही हात जोडले. दिलावरनं काचेमागून बोट वर केलं.

सुकुमारचं गिटार सुरू झालं, चक, चक, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला. अण्णाप्पांचा धम्म तिसऱ्याला, न चुकता. आणि मास्तरांनी ट्रंपेट लावलं. तोपर्यंत त्यांना पहिला ठोका सोडणं जमत नव्हतं, प्रत्येक वेळी ओठ आपोआप पुढं यायचे. या गाण्यात मात्र जमलं. ते थांबत होते, आणि थांबल्यावर येणारा सूर असा येत होता, जणू कुणीतरी दारात उभं राहून, आत यावं का म्हणून विचारतंय. मी मान खाली घातली.

सुकुमार गाऊ लागला. ओरडला नाही. अंगणात बसून सांगावं तसं म्हणाला:

वरात निघाली थाटात,
मास्तर आपल्याच नादात,
पोरगी निघाली पिशवी घेऊन
एसटीच्या वाटेत.
मास्तर वळला, बँड वळवला,
पाठ फिरवून सूर लावला,
वाजव, मास्तर, वाजव!
घर झालं रिकामं, वाजव!

एकेक अक्षर. जोडाक्षरंसुद्धा. मी आयुष्यात माझे शब्द इतके स्पष्ट कधी ऐकले नव्हते, आणि ते इतके पोरकट असतील असं वाटलं नव्हतं.

ट्रंपेट तिसऱ्या ओळीला थांबलं होतं. ढोल मात्र 'वळवला' या शब्दापर्यंत चालला आणि मग तोही थांबला. गिटार एकटंच कडव्याच्या शेवटापर्यंत चक चक करून गप्प झालं. मागांची सुट्टी असल्यामुळं शांततेला कसलाच आडोसा नव्हता.

मी मास्तरांकडं बघू शकत नव्हतो, म्हणून अण्णाप्पांकडं बघितलं. मला वाटलं, ते मला मारायला उठतील. मला चाललं असतं. पण ते माझ्याकडं बघतच नव्हते. ते भावाकडं बघत होते.

"भूपाल," ते सावकाश म्हणाले, "हे खरं हाय."

"काय?"

"तू वळवलास. त्या दिवशी. वरात सरळ स्टँडावरनं जायची व्हती. तू डाव्या बोळात वळवलास आमास्नी. मी इसरलोच व्हतो. का वळवलास?"

मास्तरांनी ट्रंपेट मांडीवर ठेवलं.

"गुर्जींना तूच सांगितलं असशील. मला कवा सांगितलं न्हाईस. का वळवलास रं?"

ते 'वळला, वळवला' मी यमकासाठी जुळवलं होतं. मास्तरांनी मला वळण्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. हे मी मोठ्यानं म्हणणारच होतो, तोच मास्तर उठले.

"सूर उतरलाय माझा," ते दिलावरला म्हणाले. "दहा मिनटं थांबा. गुर्जी, जरा वर येता का माझ्याबरोबर?"

गच्चीवर सुताची रिकामी खोकी पडली होती. मास्तर कठड्याशी गेले. मी मागं उभा राहिलो.

"मास्तर, मी तुमचा गुन्हेगार आहे. ते गाणं..."

"ते ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, घाई होती. "त्यो खाली काय इचारतोय, ते ऐकलासा न्हवं? त्याचं बोला."

"वळण मी आपलं यमकाला..."

"यमकाला असंल. पण वळवली व्हती मी."

मी कठड्याशी, त्यांच्याजवळ गेलो.

"मी बँडकडं तोंड करून उलटा चालत व्हतो," मास्तर म्हणाले. "आमच्या धंद्यात म्होरक्याला तसंच चालाय लागतं. अण्णाप्पाच्या पल्याड रस्त्यावर शैला दिसली. हातात तिच्या आईची पिशवी. ती पिशवी आमच्यात बाजाराला नेत न्हाईत. आई गेल्यापास्नं खुंटीवरनं काढलीच न्हवती कुणी. तवा मला कळलं. अण्णाप्पा माझ्या ट्रंपेटकडं बगत व्हता. आनि धा पावलं सरळ गेलो असतो तर स्टँडाच्या तोंडाशीच आलो असतो. म्हून वळवली. बोळात घेतलं आणि तेच गाणं चार बार वाजवलं. गाणं मधी मोडलंच न्हाई. मोडलं की ढोलवाला मान वर करून आजूबाजूला बगतो, सवयच असत्या ती. एसटी सुटल्याचा आवाज ऐकला, मग मोडलं."

"आणि मला सांगितलंत की कळलं नाही."

"समद्यांना तेच सांगितलं. तुमाला येगळं कसं सांगू? तुमी लिवणारं माणूस."

मी एक खोकं उगाच सरळ करून ठेवलं.

"अण्णाप्पा दोनदा सोलापूरला जाऊन आला तिला हुडकाय, काठी घेऊन. ज्यानं साथ दिली त्याला आधी मारीन आणि तिला मागनं, असं देव्हाऱ्याम्होरं बोललाय त्यो. अकरा वर्सं झाली. शब्दाचा पक्का हाय माजा भाऊ." हे त्यांनी खरोखर कौतुकानं म्हटल्यासारखं म्हटलं. "त्याला जर का वाटलं की मी बगितलं व्हतं, तर त्यो म्हणणार, ह्याला ती कुठं हाय ते पण ठावं असणार. आणि मला ठावं हाय, गुर्जी."

"कुठं?"

"नगा इचारू. तुमी गाणं कराल."

मी खाली बघितलं. रस्त्यावर कुणीतरी सायकलला पंप मारत होतं.

"आता एक करा," मास्तर म्हणाले. "आणखी एक कडवं लिवा. मास्तर का वळला त्याचं. पटलं पायजे. आणि हसू आलं पायजे. त्यो हसला की मग इचारत न्हाई."

"तुमच्यावर?"

"मग कुणावर? आतापातूर काय जमैकावर लिवत व्हता?"

त्यांनी खिशातून वरातीच्या सुपाऱ्या लिहायची छोटी वही काढली, मागचं पान उलटलं आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. मी खोक्यावर बसलो. पन्नास वर्षांच्या आयुष्यात मी हजारभर लोकांची टर उडवली असेल, पण माणूस समोर उभा राहून मदत करतोय असं कधी झालं नव्हतं.

"वळायला कारण काय देऊ?" मी विचारलं.

"व्हिडिओवाला घाला. खरंच व्हता एक, डाव्या अंगाला. अण्णाप्पाला आठवंल."

"म्हणजे मास्तर फोटोसाठी वळला."

"व्हय. आणि त्या दिवशी नवी टोपी व्हती माजी. ती घाला. केसाला कलप लावला व्हता, त्यो पण घाला."

"कलप खरंच होता?"

"न्हवता. पण तेच्यावर हसतील."

मी लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. मास्तर पाठीमागून वाचत होते. एका ओळीला मी अडलो. पोरीचा उल्लेख टाळून पुढं जात होतो. त्यांनी बोट ठेवलं.

"हितं तिला आणा. न्हाईतर त्याला लपवल्यागत वाटंल."

मी तिला आणलं. मास्तरांनी पूर्ण कडवं ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटलं.

"हसंल का?"

"हसतील," मी म्हणालो. हे मला कळतं. एवढंच मला कळतं.

आम्ही खाली गेलो. अण्णाप्पा ढोलावर दोन्ही हात ठेवून तसेच बसले होते. सुकुमार भिंतीशी उभा होता. मी मान हलवली होती, पण मास्तरांना काहीच सांगितलं नव्हतं, हे एव्हाना त्याला समजलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"अण्णा," मी म्हणालो, "तुम्ही विचारलंत ना, का वळवली? त्याचं कडवं होतं. मास्तरांना वाईट वाटेल म्हणून मी गाळलं होतं. आता तेच म्हणतात, घाला."

"वाचा," अण्णाप्पा म्हणाले.

मी वाचलं:

सांग रं मास्तर, वळलास का?
सरळ रस्ता सोडलास का?
व्हिडिओवाला डाव्या अंगाला,
टोपी नवी अन् कलप केसाला!
पोरगी निघाली? जाऊ दे तिकडं,
फोटो माझा घ्या की इकडं!

अण्णाप्पांचा चेहरा हलला नाही. मी वहीकडं बघत राहिलो. मग त्यांनी सावकाश मास्तरांकडं मान वळवली.

"व्हता," ते म्हणाले. "व्हिडिओवाला व्हता की डावीकडं. लाल शर्ट."

"व्हता," मास्तर म्हणाले, आणि मान खाली घातली. किती छान खाली घातली! मी नाटकंही पाहिली आहेत.

"आणि टोपी! आरं, ती नवी टोपी! आरसा घिऊन बसला व्हतास सकाळपास्नं!" अण्णाप्पांच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागलं. आधी ढोल हलला, मग ते. "फोटोसाठी! आयला भूप्या, पोरगी गेली आणि तू फोटो..." आणि ते हसले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले, ढोलावर थापा मारत. काचेमागं दिलावरही हसला. अण्णाप्पांना हसू आवरत नाही म्हटल्यावर मास्तरही हसले.

सुकुमार हसला नाही. पण तो हुशार मुलगा. मास्तरांच्या तोंडाकडं त्यानं एकदा नीट पाहिलं, मग माइकजवळ गेला आणि म्हणाला, "घेऊ या. नवीन कडव्यासकट."

पहिल्याच झटक्यात झालं. नवीन कडव्यानंतर मास्तरांच्या ट्रंपेटला आठ आवर्तनं मोकळी होती. ती त्यांनी काय वाजवली ते मी सांगू शकत नाही. तो अल्बम फार खपला नाही, पण जिथं जिथं पोचला तिथं लोकांना सहावंच गाणं आवडलं. एक-दोन गणेश मंडळांनी ते लावलं. पुण्याच्या एका जाणकारानं लिहिलं की बापाच्या आत्ममग्नतेवर इतकं निर्दय व्यंग आपल्याकडं क्वचित लिहिलं गेलंय. मास्तर रस्त्यानं जाताना पोरं 'फोटो माझा घ्या की' म्हणून ओरडायची. मास्तर टोपी सरळ करून दाखवायचे.

मी साप्ताहिकाचं सदर त्याच वर्षी बंद केलं. तब्येतीचं कारण दिलं. तब्येत अजून उत्तम आहे.

मास्तर गेले त्याला बरीच वर्षं झाली. अण्णाप्पा त्यांच्यानंतर सहा वर्षांनी गेले. क्रम उलटा असता तर बरं झालं असतं, पण याबाबतीत कुणी आपल्याला विचारत नाही. आता लपवायचं कुणापासून उरलेलं नाही, म्हणून लिहितोय.

त्या दिवशी काम संपल्यावर अण्णाप्पा ढोल घेऊन पुढं गेले. ते अजून हसत होते, जिन्यात ऐकू येत होतं. मास्तर ट्रंपेट फडक्यात गुंडाळत मागं राहिले. मीही राहिलो. माफी मागायची होती. तोंडातून दुसराच प्रश्न आला.

"तुम्ही भेटलात तिला? इतक्या वर्षांत?"

"एकदा दिसली," ते म्हणाले. "लगीन वाजवाय गेलो व्हतो, लांब. गच्चीवरनं वरात बगत व्हती. कडंवर लेकरू."

"मग?"

"अण्णाप्पा ढोलावर व्हता की."

"मग काय केलंत?"

"वळवली वरात."

त्यांनी फडक्याची गाठ मारली. नीट बसली नाही म्हणून सोडली आणि पुन्हा मारली.

"मास्तर, तिला तरी ठाऊक आहे का? तुम्ही बघितलं होतं ते?"

"न्हाई."

"तिलाही हेच वाटतं? की बाप वाजवत राहिला?"

"व्हय."

"तिला कळवा हो. मी पत्र लिहून देतो. नाव न घालता, कुणाला समजणार नाही असं. तिला कळायला नको?"

मास्तरांनी ट्रंपेट काखेत धरलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. खालून अण्णाप्पांनी हाक मारली, "आरं ये की फोटोवाल्या!"

"आलो आलो," मास्तर ओरडले. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "नगा लिवू, गुर्जी. कळलं तर ती मला भेटाय येईल."